मो बाईंची सहा आमंत्रणं

शिक्षक महाविद्यालय, लिनशी
सातवा चांद्रमास, दिवस अठरावा

चि. वानशिऊस थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

तर सगळ्यांत आधी आला तो शियांगांचा ताशान. बाहेर ऊन असं की दारातल्या रजिस्टरची पानं वाकडी झाली होती, आणि हा छत्री मिटत आत. छत्रीतून पाणी गळतंय. मी म्हटलं, अरे आत्ता फरशी पुसली आहे, तर नुसता हसला. गाल तसेच, वाफवलेल्या पावासारखे. त्याच्यामागून त्या दोघी एकमेकींचा हात धरून चालणाऱ्या, मग चष्मेवाला, मग तो कुणाकडे मान वर करून न बघणारा, आणि सगळ्यांत शेवटी आपली युन.

हो, आपलीच युन. पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच. माझं डोकं ठिकाणावर आहे. सकाळीच चौदा थर्मास भरून वरच्या मजल्यांवर पोचवलेत आणि एकही फोडला नाही.

नदीत होडी उलटली त्याला या वसंतात दोन वर्षं झाली. पूर्वजांची थडगी झाडायच्या सणाला ही सहा पोरं पलीकडच्या टेकडीवर फिरायला गेली होती, परतताना बुडाली. पाच सापडली, आपली युन सापडली नाही. तिचा बाप, माझा थोरला, म्हणाला की रिकामं का होईना, तिचं थडगं बांधू. मी त्याला चार महिने घरात घेतलं नाही हे तुला माहीत आहे. आता तो तिकडे दक्षिणेत कारखान्यात आहे आणि आमचं बोलणं म्हणजे वर्षाला एक मनीऑर्डर. त्याला यातलं काही कळवू नकोस.

आता हे कसं झालं ते सांगते. मी दार राखते त्या इमारतीत नव्या परदेशी बाई आल्या. नाव तिकडचं मॉरीन का काहीतरी आहे, इथे सगळे मो बाई म्हणतात. कॅनडा म्हणून देश आहे, तिथल्या एका बेटावरच्या. त्यांच्याकडे म्हणे बटाटेच बटाटे. उंचच उंच, पोरगेल्या, तिशीच्या आत. कॉलेज सुरू व्हायच्या आधीच आल्या आणि रिकामं बसवेना. खोलीतल्या खणात आधीच्या बाईंच्या हातचा एक कागद सापडला, रविवारी इंग्रजी बोलायला येणाऱ्या सहा मुलांच्या नावांचा. मो बाईंना वाटलं हीच आपली मुलं. डिक्शनरी पुढे घेऊन सहा आमंत्रणं लिहिली, आपल्या अक्षरांत, एकेक अक्षर खिडकीएवढं: दर रविवारी तीन वाजता माझ्या घरी चहाला यावे. पाकिटांवर नावं घातली आणि माझ्या हातात गठ्ठा दिला की आजी, एवढी पोचती करा.

मी साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, अर्धी अक्षरं मला अजून ओळख देत नाहीत, पण युनचं नाव मला अंधारातही वाचता येतं.

तो दिवस होता चौदावा. जुने पाहुणे, म्हणजे आपले पितर, घरी येऊन राहिलेले, त्यांना निरोप द्यायचा दिवस. गावभर लोक कागदी पैशांची पाकिटं बांधून त्यांवर गेलेल्याचं नाव, आपलं नातं, तारीख लिहीत होते. मी पण आईची, बाबांची, आमच्या ह्यांची पाकिटं केली. युनचं गेल्या वर्षीही केलं नव्हतं, यंदाही नाही. कसं करू? ज्याचं पाकीट केलं तो गेला. संध्याकाळ व्हायच्या आत नदीवर गेले, राखेचं रिंगण काढलं, पाकिटं ठेवून पेटवली, आणि हातातला तो गठ्ठाही त्यांच्याबरोबर जाळला. नावं घातलेली पत्रं होती, पोचती करायची होती, आणि त्या मुलांचा दुसरा पत्ता मला माहीत नाही.

काल रविवार होता. बरोबर तीनला आली. रजिस्टरमध्ये एकेकाने नाव लिहिलं. वर मो बाईंचा हसण्याचा आवाज. पाच वाजता उतरली आणि गेली. वानशिऊ, मी आज तीन वाट्या भात खाल्ला. कितीतरी दिवसांनी मिरच्या तोंडाला लागल्या.

तुझे यजमान कसे आहेत? गुडघ्याला आलं बांधायला सांग. चहाच्या मळ्यात एकटी फिरू नकोस. माझ्यावरची माया अशीच उबेत ठेव.

तुझी ताई,
वानचेन


चहाचा मळा, वरची आळी
सातवा मास, दिवस सत्ताविसावा

ती. ताईस, वानशिऊचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ह्यांना वाचून दाखवणार होते, पहिल्या चार ओळींनंतर थांबले आणि पुढचं मनातल्या मनात वाचलं. त्यांनी विचारलं ताई काय म्हणतात, तर म्हटलं मिरच्या खातात.

ताई, तू लहानपणापासून असली. मांजर मेलं तरी त्याची वाटी धुऊन ठेवणारी. मी तुला रागावत नाही. मला फक्त दोन गोष्टी सांग. तिने तुला ओळखलं का? तू एवढं लांबलचक लिहिलंस, थर्मास मोजलेस, तिने तुला काय हाक मारली ते लिहिलं नाहीस.

आणि दुसरं. जुने पाहुणे आपण बोलावतो ते तीन दिवसांसाठी आणि पंधराव्याच्या आत त्यांची बोळवण करतो. तुझ्या त्या परदेशी बाईने दर रविवारी लिहिलं. त्यांची बोळवण कोण करणार? शिवाय आपल्याकडची रीत तिला कुठून ठाऊक असणार? ज्याच्या घरी पाहुणचार घेतला त्याला उलट जेवायला बोलावल्याशिवाय कोणी राहतं का? जिवंत माणूस राहत नाही, मग ती तर चांगल्या घरची मुलं. आणि ती कुठे जेवायला बोलावणार, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. तूच नदीकाठी राहतेस.

त्या बाईला सांग. आजच सांग. तिच्या मागे तिकडे कोणी असेल की नाही?

यंदाचा चहा कडवट उतरलाय. अर्धा शेर पाठवते, रागाने पाठवते. तुझ्या आशीर्वादांवर माझा हक्क आहेच, तो सोडत नाही.

तुझी,
वानशिऊ


लिनशी
आठवा मास, दिवस सतरावा

चि. वानशिऊस अ. उ. आ.

चहा मिळाला. कडू नाही, तुझी जीभ म्हातारी झाली. मो बाईंनाही दिला, त्यांनी त्यात दूध ओतलं. मी तोंड दुसरीकडे केलं.

तू विचारलंस म्हणून लिहिते. युन मला दारावरच्या आजी म्हणते. तीन वाजले का हो दारावरच्या आजी? इथेच सही करू का दारावरच्या आजी? अगदी गोड बोलते, जसं कुठल्याही चांगल्या घरची मुलगी दारावरच्या बाईशी बोलेल. मी एकदा तिची वेणी सारखी करायला हात पुढे केला तर बाजूला झाली आणि म्हणाली, राहू द्या, ओली आहे. ती माझ्याकडे आलेली नाही, वानशिऊ. मी बोलावलंच नव्हतं. पत्र मो बाईंचं, पाहुणी मो बाईंची. मी नुसता टपाल टाकणारा हात.

तरी मला पुरतं. रविवार ते रविवार मी कणीक मळावी तसे दिवस मळते. पाच रविवार झाले.

मो बाईंना मात्र काहीतरी होतंय. पहिल्यांदा वाटलं हवा मानवली नाही. या उकाड्यात दोन रजया घेऊन झोपतात. भरदुपारी माझ्या कोळशाच्या शेगडीजवळ येऊन हात शेकत बसतात, आणि केस ओले. विचारलं की न्हालात का, तर म्हणतात नाही, असेच असतात आजकाल. वर झाडायला गेले तर कपाटामागच्या भिंतीला शेवाळ धरलंय. चहाचे सहा पेले भरलेले तसेच, पण प्यायला घेतला तर नुसतं पाणी, चव नाही, वास नाही. त्यांच्या आईने आगबोटीने पाठवलेला मुरंबा मुलांपुढे ठेवतात, तोही तसाच, आणि चाटून बघितलं तर मातीसारखा.

पण खूश आहेत. म्हणतात, आजी, असे विद्यार्थी मिळायला नशीब लागतं. वर्गातली नवी मुलं तोंड उघडत नाहीत, आणि ही सहाजण मी म्हटलेलं वाक्य एका आवाजात म्हणतात, एकही अडखळत नाही.

काल पौर्णिमेचे केक खायला सगळे जमले होते. मुलं गेल्यावर मो बाई खाली आल्या आणि मला विचारायला लागल्या की इथे कोणाच्या घरी जेवायला जाताना काय घेऊन जायचं असतं, फळं चालतील का. मी म्हटलं, कुठे निघालात? तर म्हणाल्या, विद्यार्थ्यांनी बोलावलंय. नवव्या मासाच्या नवव्या दिवशी, दुपारी. नदीपलीकडे. तेच होडी घेऊन न्यायला येणार आहेत.

घाट मोडून टाकलाय, वानशिऊ. त्या अपघातानंतर तिथून होडी चालत नाही. सगळे खालच्या पुलावरून जातात.

मी सांगितलं. तुझ्या पत्रानंतर लगेच सांगायला हवं होतं ते काल सांगितलं. खोटं कशाला लिहू, जीभ उचलत नव्हती. मला ठाऊक होतं की यांनी दार लावून घेतलं की माझाही रविवार संपला. पण सांगितलं, सहाही नावं, होडी कशी उलटली, सगळं. त्यांनी माझा हात हातात घेतला. बर्फ गं तो हात. म्हणाल्या, तुमच्या नातीचं ऐकून फार वाईट वाटलं, एकाच नावाच्या दोन मुली असू शकतात ना.

मग परदेशी लोकांचं बघणाऱ्या कचेरीच्या हू साहेबांकडे गेले. ते म्हणाले, मावशी, परदेशी पाहुण्यांना असल्या अंधश्रद्धा सांगाल तर मला तुम्हाला इथून हलवावं लागेल. मी रजिस्टर पुढे केलं की हे बघा, त्यांच्याच हातच्या सह्या. त्यांनी पानं चाळली. पाचही रविवारी पान कोरं होतं, नुसते पाण्याचे डाग. एका पानावर सहा. साहेब म्हणाले, रजिस्टर ओल्या जागी ठेवत जाऊ नका.

काय करू ते कळव. माझ्यावर चिडलीस तरी चालेल, पण टपाल चुकवू नकोस.

तुझी ताई,
वानचेन


वरची आळी
आठवा मास, दिवस बाविसावा

ती. ताईस सा. न.

थोडक्यात लिहिते, टपालवाला दारात उभा आहे आणि हे त्याला चहा देऊन अडवून धरतायत.

तुला काय करायचं ते माहीत आहे, तू मला विचारतेस ते मी नाही म्हणावं म्हणून. युनच्या नावाचं पाकीट कर. नातं लिही, तारीख लिही, शेवटी तुझं नाव लिही आणि नदीवर दे. तिची बोळवण झाली की बाकीचेही जातील, ती पाचजण आपापल्या घरून दोन वर्षांपूर्वीच निरोप घेऊन गेलेली आहेत. तिच्यासाठीच थांबलीत.

त्या पोरीच्या आईने मुरंबा पाठवला, असं तू लिहिलंस. ती आई इथे येऊन नदी बघू शकणार नाही, एवढं तिचं बेट लांब आहे. तू दोन वर्षं जे केलंस ते तिला करायला लावू नकोस.

रागावले तरी तुझीच आहे.

वानशिऊ


लिनशी
नववा मास, दिवस दुसरा

चि. वानशिऊस अ. उ. आ. आणि आज जरा जास्तच.

इतकं बरं वाटतंय की लेखणी आधी कुठे टेकवू कळत नाही. गल्लीतल्या जांभळ्या दाराच्या म्हातारीने विचारलंसुद्धा, काय गं, मुलगा आला का दक्षिणेतून? मी म्हटलं, त्याहून बरं कोणी.

पण क्रमाने सांगते. तुझं पत्र यायच्या आधीच, मागच्या रविवारी, मी इमारतीच्या दाराला साखळी लावली. मुलं बाहेर उन्हात उभी राहिली. कुरकुर नाही, टकटक नाही. दाराखालून पाणी आत यायला लागलं. तासाने मो बाई खाली उतरल्या, साखळी बघितली आणि स्वतःच काढली. मग आठ दिवस थर्मास त्यांनी स्वतः भरून नेला. परदेशी माणसं भांडत नाहीत, थर्मास उचलतात.

मग तुझं पत्र आलं. मी पांढरा कागद आणला, कागदी पैसे मोजून घडी घातली, शाई उगाळली. नातं लिहिलं. तारीख लिहिली. नाव लिहायला ब्रश टेकवला आणि वानशिऊ, हात पुढे गेला नाही. तुझं म्हणणं खरं आहे हे मला पटलेलं होतं, त्यात काही बाकी नव्हतं. पण पाकीट दिलं असतं तर ती मला दारावरची आजी म्हणूनच निघून गेली असती.

बसले तशीच. शेगडीवरचं पाणी आटलं. मग डोक्यात आलं की मो बाईंनी जे केलं ते मला का करता येऊ नये. कागद उलटा केला आणि मागे लिहिलं: पंग शाओयुन आणि तिच्या पाच मित्रमैत्रिणींनी रविवारी दुपारी आजीकडे जेवायला यावे. सही केली, युनची आजी, तियान वानचेन. चार अक्षरं चुकली असतील. आता नाव लिहिताना हात थांबला नाही. जेवायला बोलावताना कशाला थांबेल?

शनिवारी दुपारी नदीवर जाळलं. रविवारी पहाटे बाजारात गेले. धुरावर वाळवलेलं डुकराचं मटण, आंबवलेला मासा, तांदळाच्या वड्या, त्यावर लाल मिरचीचा थर. तिला आवडतं तसं. माझी खोली केवढी ते तू बघितलंच आहेस, पलंगावर पाट टाकून त्याचंच मेज केलं. सहा वाट्या, सहा जोड काड्या, आणि माझी एक.

तीनला आली. पण जिन्याकडे वळली नाहीत. ताशानने छत्री बाहेर ठेवली, पाय पुसले आणि माझ्या दारातून वाकून आत आला. शेवटी ती. उंबरठ्यावर थांबली, वास घेतला, आणि म्हणाली, आज्जे, मिरची जळाली वाटतं. पूर्वीसारखंच, तोंड वाकडं करून. जळाली नव्हती गं. तिची ती सवयच आहे, घरात आली की आधी खोट काढायची. मी म्हटलं, जळू दे, दोन वर्षं उशिरा आलेल्याला ताजं कुठून मिळणार? तर म्हणाली, मी वाट शोधत होते, तू दिवाच लावला नाहीस.

मी वाढत राहिले.

जेवण झाल्यावर, म्हणजे वाट्या भरलेल्याच होत्या पण वाफ सगळी संपली होती, ताशान उठून उभा राहिला. रीतीप्रमाणे दोन्ही हात जुळवून म्हणाला की आजी, तुमचा पाहुणचार झाला, आता आमच्याकडे यायचं. मी याचीच वाट बघत होते. मी म्हटलं, येईन. पण तुम्ही मो बाईंना आधी बोलावलंय असं ऐकते. घरात म्हातारं माणूस असताना पोरीला आधी पाटावर बसवता, हे कुठल्या आयांनी शिकवलं? तो मान खाली घालणारा तर लाल झाला असता, रंग असता तर. मी म्हटलं, एका इमारतीतून एकच पाहुणा, आणि ती मी. मो बाईंकडची चहाची फेरी आजपासून बंद. कबूल असेल तर येते, नाहीतर माझ्या वाट्या मला परत द्या.

चष्मेवाला म्हणाला, बाईंना वाईट वाटेल. मी म्हटलं, वाटू दे, माणसं वाईट वाटून जगतात.

युनने त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, कबूल.

आज सकाळी मो बाईंच्या दाराशी थर्मास ठेवायला गेले तर पायपुसण्यावर सहा पाकिटं. तीच, त्यांनी खिडकीएवढ्या अक्षरांत लिहिलेली, मी माझ्या हाताने जाळलेली. कुठे करपलेली नाहीत, नुसती ओली. मी उचलून पदराखाली घातली आणि शेगडीवर वाळत टाकलीत. बाई दार उघडून बाहेर आल्या तर केस कोरडे, भुरभुर उडणारे. मला म्हणाल्या, आजी, किती उकडतंय, पंखा मिळेल का? मी हू साहेबांकडून पंखा आणून दिला. जिना उतरताना हसू आवरेना. त्यांनी मागून विचारलं की काल मुलं का आली नाहीत. मी सांगितलं, त्यांचा अभ्यास संपला. म्हणाल्या की निदान निरोप तरी घ्यायचा होता. त्या पोरीला आईला पत्र लिहायला सांगितलंय, दर आठवड्याला.

तू आता रडू नकोस आणि इकडे धावत येऊ नकोस. मी अडुसष्ट वर्षांची आहे, उन्हाळ्यात चौदा थर्मास उचलते, मला कोणी ओढून नेत नाही, मी जेवायला जाते आहे. निळं जाकीट धुऊन वाळत घातलंय. फळं घ्यावीत की मिरचीचं लोणचं, ठरत नाही. तिने दोन वर्षं लोणचं खाल्लेलं नाही, तेव्हा लोणचंच. थोरल्याला तू लिही, तुझी भाषा माझ्यापेक्षा सरळ आहे. सांग की रिकामं थडगं बांधायची आता गरज नाही, आई तिच्याबरोबर आहे. माझ्या नावाचं पाकीट मात्र दर वर्षी तूच कर, नातं नीट लिही, बहीण. तुझे यजमान लिहायला बसले तर मेहुणीच्या जागी काहीही लिहितील.

तुझ्यावर मी आयुष्यभर ओरडले, त्यातला प्रत्येक ओरडा मायेचा होता, तो मोजून ठेव.

तुझी ताई,
वानचेन

ता. क. दिवस लिहायचा राहिला. तोच, त्यांनी मो बाईंना दिलेला: नवव्या मासाचा नववा दिवस. दुपारी, जेवणाच्या वेळेला, जुन्या घाटावर. होडी घेऊन येतो म्हणालेत.